शालनचे बूट

दिवाळी होऊन आठवडा झाला की माझी डावी टाच सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं मला ओळख देत नाही. थंडी आल्याचं मला असं कळतं. बाकीच्या खुणा मागाहून दिसायला लागतात. खोबरेल तेलाची बाटली गोठलेली असते, भाजीवाल्यांकडे पावट्याच्या शेंगा येतात, सोसायटीतले निवृत्त लोक कानटोप्या घालून खाली उतरतात आणि समोरच्या मैदानावर सकाळी सातला कुणीतरी स्टंप ठोकायला लागतं. तो आवाज आला की मी हातातलं काम ठेवून गॅलरीत जाते. बासष्टाव्या वर्षी त्यात एवढं पाहण्यासारखं काय आहे, असं घरात सगळ्यांना वाटतं. मी काही सांगत बसत नाही.

यंदा माझ्या भावाची नात ईशा मला बुटांच्या दुकानात घेऊन गेली. ईशा पंधरा वर्षांची आहे, उजव्या हाताने जोरात चेंडू टाकते आणि मला आत्याआजी म्हणते. तिला बोलिंगचे बूट घ्यायचे होते.

"मी सगळे रिव्ह्यू वाचलेत," ती म्हणाली. "हेच बेस्ट आहेत."

"रिव्ह्यू लिहिणारे बोलिंग टाकतात का?"

"टाकत असतील ना."

"असतील म्हणजे तुला माहीत नाही."

दुकानातल्या तरुणाने हसून खोकं उघडलं. "मॅडम, या सीझनला हाच पीस सगळ्यात जास्त चाललाय." मी म्हटलं, "चालवून बघितल्याशिवाय ते आपल्याला कसं कळणार?" मग मी ईशाला दोन्ही पायांत जाड मोजे घालायला लावले, नाड्या घट्ट बांधायला लावल्या आणि दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायला लावलं. अंगठ्यापुढे नखाएवढी जागा आहे का ते दाबून बघितलं. टाच आतल्या आत वर उचलते का ते बघितलं. डावा बूट हातात घेऊन मधोमध पिळला. आत हात घालून टाचेखालची जागा बोटांनी चाचपली, तेव्हा तो तरुण जरा अस्वस्थ झाला. मी काहीतरी लपवलेलं शोधते आहे असं त्याला वाटलं असावं. त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. बूट हातात आला की माझी बोटं आपोआप डाव्या टाचेखाली जातात. चाळीस वर्षांहून जास्त झाली त्या सवयीला.

संशय हा आमच्या घरातला गुण मानला जात असे. माझे बाबा सरकारी कचेरीत होते आणि दिवसभर लोकांचे अर्ज तपासून घरी येत. घरी आल्यावरही ते काम थांबत नसे. भाजीवालीच्या तराजूखाली ते वाकून बघत. रिक्षात बसल्यावर रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघत. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आणि त्यांनी आमच्याकडे वाटीभर खीर पाठवली, तेव्हा बाबा खीर खाताखाता म्हणाले, "काय हवंय यांना?" कुणी आपणहून काही दिलं, की ते शांतपणे एकच प्रश्न विचारत. "यात त्यांचा फायदा काय?" यात दुष्टपणा नव्हता. कुणाचं वाईट चिंतताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जगात फुकट काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते उलटून पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांची लाडकी मुलगी, त्यामुळे हे शिक्षण मला सगळ्यात जास्त मिळालं.

आम्ही तेव्हा कोथरूडला राहत होतो. कोथरूडला राहतो म्हटलं की पेठेतले लोक "इतक्या लांब?" असं विचारत. घरामागे अजून ज्वारी व्हायची. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी साडेसहाला सायकल काढायची, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढायच्या आणि कर्वेनगरच्या बाजूच्या मैदानावर जायचं. तिथे आम्हा मुलींचा क्रिकेटचा सराव चाले. गवत दवाने ओलं असायचं. गुंडाळून ठेवलेली काथ्याची मॅट आम्ही सहाजणी मिळून उलगडत असू. तिचा तो ओलसर, धुळकट वास अजून माझ्या नाकात आहे. मॅट ताणून चारी बाजूंनी मोठे खिळे ठोकायचे आणि मग खेळायचं. मैदानाच्या भिंतीवर काही रिकामटेकडी माणसं बसून असत. मुली चेंडू कसा टाकतात हे बघायला येत, आणि टाकता येतो असं दिसलं की कंटाळून जात.

जोरात टाकणाऱ्या आमच्यात दोघीच होत्या. एक मी आणि दुसरी शालन. शालन माझ्याहून वर्षाने मोठी आणि अर्ध्या डोक्याने उंच. ती कात्रजच्या पुढच्या एका शेतकरी घरातली. दोन बस बदलून यायची आणि तरीही आमच्याआधी पोचलेली असायची. मोजकं बोलायची. चेंडू टाकून झाला की फलंदाजाकडे न बघता पाठ फिरवून चालायला लागायची, जणू पुढे काय होणार ते तिला ठाऊकच आहे. मला तिची भीती वाटायची आणि ती भीती मी नावडीसारखी वापरायचे. आमच्या घरात बोलताना मी तिला "ती कात्रजची" म्हणायचे. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

त्या डिसेंबरात आमच्या सरांनी सांगितलं की राज्याच्या संघासाठी जानेवारीत निवड चाचणी आहे. सर कमी शब्दांत बोलत. "दोघी जा. जोरात टाकणाऱ्या ठिकठिकाणाहून येणार. आपल्याकडून घेतली तर एकीला घेतील." एवढं बोलून ते नेटच्या दोऱ्या आवळायला गेले. मी शालनकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या पायांकडे बघत होती.

दोनच दिवसांनी मी नळावर तोंड धुऊन परत आले, तर शालन पायरीवर बसलेली आणि माझा डावा कॅनव्हासचा बूट तिच्या हातात. तिने तो उलटा धरला होता आणि तळावरून अंगठा फिरवत होती. मला बघून तिने तो खाली ठेवला.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"काय न्हाई. झिजलाय."

"झिजणारच. रोज घालते."

ती उठून गेली. मी तो बूट आतून बाहेरून तपासला. काही सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून मला अजूनच काळजी वाटली.

बूट घ्यायला हवे होते हे खरंच. माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळानिळा झाला होता. चेंडू सोडताना शरीराचा सगळा भार पुढच्या पायावर येतो, आणि कॅनव्हासच्या बुटात तो पाय पुढे सरकून अंगठा आपटतो. रविवारी बाबा मला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार गादीवर बसले होते.

"कोणासाठी हवेत?"

"मुलीसाठी," बाबा म्हणाले.

"मुलीसाठी क्रिकेटचे?"

"मुलीच्या पायासाठी. आहेत की नाहीत तेवढं सांगा."

बायकांच्या मापाचे असे बूट तेव्हा मिळतच नसत. त्यांनी पुरुषांचे सगळ्यात लहान काढले. ते मला मोठे झाले. शाळकरी मुलांचे सगळ्यात मोठे काढले. ते चवड्याला आवळत होते. "बसतील," दुकानदार म्हणाले. "चामडं सैल होतं." बाबांनी विचारलं, "आणि झालं नाही तर?" दुकानदारांनी खोकं बंद केलं. आम्ही अशी तीन दुकानं फिरलो. तिन्ही ठिकाणी माझ्या पायाचंच काहीतरी चुकलं आहे असं आम्हाला सुचवण्यात आलं.

बुटांत आणखी एक अडचण होती. काथ्याच्या मॅटवर साधे रबरी तळाचे बूट चालतात. खिळ्यांचे बूट घातले तर मॅट फाटते, म्हणून पंच टाकूच देत नाहीत. उलट मातीच्या खेळपट्टीवर, ज्याला सगळे टर्फ म्हणत, खिळे नसले तर पाय घसरतो. आम्ही मॅटशिवाय कधी खेळलोच नव्हतो. चाचणी कशावर होणार हे सूचनेत लिहिलेलं नव्हतं आणि सरांनाही माहीत नव्हतं. "मॅटच असेल," ते म्हणाले. "मुलींना टर्फ कोण देतंय."

सोमवारी सराव संपल्यावर मी सायकलचं कुलूप काढत होते, तेव्हा शालन माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"टर्फ हाय," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या भावानं बघितलंय. तिथं पाणी मारत्यात रोज. रोलर फिरवत्यात." मग तिने पिशवी पुढे केली. "ह्ये घाल. माझे जुने हायेत, गावाकडच्या मातीवर घालायचे. मला आता होत न्हाईत."

आत खिळ्यांचे बूट होते. पांढरा रंग दिलेले, घोट्यापर्यंत उंच, नाड्या नव्या. उजव्या बुटाच्या अंगठ्यावर जादा चामडं शिवलेलं होतं, कारण टाकताना मागचा पाय जमिनीवर घासत येतो. इतके नीट ठेवलेले जुने बूट मी पाहिले नव्हते.

"का देतेस?" मी विचारलं. हा प्रश्न तोंडावर विचारायचा नसतो, एवढं मला कळत होतं.

"तुझ्याकडं न्हाईत म्हनून," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

बाबांनी ते बूट खिडकीपाशी नेले, चष्मा पुसला आणि उजेडात धरले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "चांगले दिसतायत की," ती म्हणाली.

"दिसतात चांगले," बाबा म्हणाले. "जागा एक, मुली दोन. आणि ही दुसरीला बूट देते. यात तिचा फायदा काय?"

मी त्या रात्री अंथरुणात याच गोष्टीचा विचार करत राहिले. समजा चाचणी मॅटवर झाली, तर मी आठवडाभर घरामागे खिळ्यांच्या बुटांत सराव करून जाणार आणि तिथे मला ते काढायला लावणार. माझी सगळी लय बिघडणार. समजा टर्फवर झाली, तरी तिचे बूट, तिच्या पायाची सवय झालेले. काहीही झालं तरी नुकसान माझंच, असं मला दिसत होतं. शालन साधेपणाने बोलली होती, आणि तिच्या साधेपणाचाच मला सगळ्यात जास्त संशय येत होता.

दुसऱ्या दिवशी मी ते घालून घरामागच्या मोकळ्या वावरात गेले. ज्वारी निघाली होती. जाड मोजे घातल्यावर माप बरोबर बसलं. चार पावलं टाकली आणि डाव्या टाचेखाली, बाहेरच्या कडेला, काहीतरी उंच लागलं. बूट काढून आत हात घातला. आतल्या तळाखाली चामड्याची एक जाड पट्टी बसवलेली होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली. उजवा बूट बघितला. त्यात काही नव्हतं.

मी धावत घरी आले. बाबांनी पट्टी चाचपली आणि उजव्या बुटातही हात घालून बघितला. मग म्हणाले, "उजव्यात नाही, डाव्यातच आहे. चुकून एकाच बुटात काही जात नाही."

आमच्या कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारे एक काका बसत. मी बूट त्यांच्याकडे नेले. त्यांनी आत बोटं घातली आणि मान हलवली. "हे कोणीतरी मुद्दाम बसवलंय. पक्कं काम आहे. राहू द्या की."

"काढा," मी म्हटलं.

"पायाला त्रास होतोय का?"

"काढा तुम्ही."

त्यांनी हत्याराने ती उचकटून काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतलीसुद्धा नाही.

ईशाला हे मी कधी सांगितलेलं नाही. दुकानात ती म्हणाली, "आत्याआजी, तू प्रत्येक गोष्टीवर डाउट का घेतेस?" मी म्हटलं, "वय झालं." खरं तर वयाचा काही संबंध नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मी आजच्यापेक्षा जास्त संशयी होते. तेव्हा मला संशय म्हणजे हुशारी वाटायची. समोरच्याने आपल्याला फसवायच्या आत आपण त्याला ओळखलं, यात एक गोड सुख असतं. ते सुख मी त्या आठवडाभर रोज घेत होते. सरावाला शालन विचारायची, "बसले का बूट?" आणि मी म्हणायचे, "बसले." तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. ती नुसती मान हलवायची.

चाचणीच्या दिवशी सकाळी इतकं धुकं होतं की मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मैदान शहराच्या पार पलीकडच्या बाजूला होतं. मी पिशवीत दोन्ही जोड घेऊन गेले होते. दारातून आत शिरल्यावर पहिल्यांदा मी खेळपट्टीकडे गेले. मॅट नव्हती. तपकिरी, चोपून बसवलेली, किंचित ओली माती होती. बोट दाबलं तर ठसा उठत होता. मला शालनच्या खरं बोलण्याचा आनंद झाला नाही. मी मनात म्हटलं, एवढं एक खरं बोलली, म्हणजे दुसरं खोटं पचावं म्हणून.

आमच्याआधी ज्या दोन मुली टाकायला आल्या त्या रबरी तळाच्या बुटांत होत्या. पहिली दुसऱ्याच चेंडूला घसरून बसली. दुसरी घसरू नये म्हणून इतक्या हळू धावली की निवड करणाऱ्यांपैकी एकांनी वही मिटली. मी मुकाट्याने खाली बसून शालनचे बूट चढवले.

पहिल्या तीन ओव्हर मी आयुष्यात विसरणार नाही. खिळे मातीत शिरले की पाय थांबतो, आणि पाय थांबला की सगळा जोर कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून बोटांत येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. इतके दिवस मी अर्ध्या जोराने टाकत होते. चेंडू पडून यष्टिरक्षकाच्या छातीपर्यंत उसळत होता. दुसऱ्या टोकाकडून शालन टाकत होती. माझ्या ओव्हरला ती मिडऑनला उभी राहायची आणि तिच्या ओव्हरला मी.

चौथ्या ओव्हरच्या दुसऱ्या चेंडूला डावा पाय टेकला आणि बाहेरच्या बाजूला कलंडला. घोट्यातून टाचेपर्यंत एक कळ गेली. मी काही दाखवलं नाही. तिसऱ्या चेंडूला परत तसंच झालं. पाणी प्यायची वेळ झाली तेव्हा मी सीमारेषेबाहेर जाऊन बसले. शालन येऊन समोर उकिडवी बसली आणि न विचारता माझ्या डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली. आत बोट घातलं. थांबली.

"पट्टी कुठंय?"

"चपलावाल्यांनी काढली."

"त्यांनी काढली का तू काढाय लावली?"

ती वर न बघता म्हणाली, "तुझा ह्यो पाय भायेरच्या कडंवर पडतो. कॅनवासचा बूट बगितला व्हता मी तुझा, त्याच कडंला झिजलाय. मला न्हाई लागत तसली पट्टी. तुझ्यासाठी बसवली व्हती."

तिने बूट माझ्या पायातून ओढून काढला.

"आन् तरी माझे बूट घातलेसच."

"बाकीच्या घसरत होत्या."

"मंजे पायाला अक्कल हाय, डोक्याला न्हाई," ती म्हणाली.

नव्या चेंडूचं रिकामं खोकं तिथेच पडलं होतं. तिने त्याचा पुठ्ठा फाडला, घड्या घातल्या, कडा दातांनी दाबली आणि बुटात टाचेखाली सरकवली. "घाल."

"शालन," मी विचारलं, "तुझा यात काय फायदा?" बाबांचा प्रश्न माझ्या तोंडून किती वाईट लागतो, हे मला तो बोलल्यावर कळलं.

तिला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. ती विचार करून म्हणाली, "तू तिकडनं नीट टाकतीस तवा बॅटवालीला धावा मिळत न्हाईत. मग ती माझ्याकडं येऊन घाई करती. मला विकेटी मिळत्यात. पलीकडनं कुनीतरी पाहिजेच की."

म्हणजे फायदा होता. बाबा पूर्ण चुकले नव्हते. फक्त तो फायदा असा होता की त्यात मी उभी राहायला हवी होते, पडायला नव्हे. पुठ्ठ्यावर मी आणखी दोन ओव्हर टाकल्या. टाच दुखत होती, पण पाय कलंडला नाही. शेवटच्या ओव्हरमध्ये एकीचा मधला स्टंप उडाला.

दुपारी यादी वाचून दाखवली. त्यात माझं नाव होतं. शालनचं नव्हतं. तिने त्या दिवशी माझ्याहून चांगलं टाकलं होतं, फक्त तिच्या चेंडूवर दोन झेल सुटले होते. मी तिच्याकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही मी तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत होते. ती पिशवी उचलून म्हणाली, "शिबिराला लागतील. बूट असू दे तुझ्याकडं." आणि बसच्या रांगेकडे निघाली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर मी त्या वर्षी राज्याकडून खेळले. दुसऱ्या वर्षी शालनचीही निवड झाली आणि दोन मोसम आम्ही दोन टोकांकडून टाकलं. मग नोकऱ्या, संसार. माझी टाच कायम कुरकुरत राहिली. शालनच्या शेतात आता इमारती आहेत. आमचं फोनवर बोलणं होतं, बहुतेक गुडघ्यांविषयी. पण थंडी आली की मला चाचणी किंवा सामने आठवत नाहीत. मला आठवतो त्या यादीनंतरचा रविवार.

बाबा म्हणाले होते, "वस्तू परत देऊन ये. उद्या कोणी काही म्हणायला नको." म्हणून मी बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि एकटीच कात्रजला गेले. शेवटच्या थांब्यावरून बरंच चालायचं होतं. घाटाच्या अंगाने थंड वारा येत होता. अंगणात एक बाई कडबा तोडत होत्या. मला बघून त्यांनी विळा खाली ठेवला नाही.

"शालन आहे का, मावशी?"

"शेतात गेलीया. तू कोन?"

मी नाव सांगितलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरी आम्ही सगळ्यांकडे तसंच बघायचो. माझ्याकडे तोवर तसं कोणी बघितलं नव्हतं.

"मंजे तू ती. शालनचे बूट घालून शालनच्या जागी गेलेली."

मला बसायला कोणी सांगितलं नाही. मी पुडकं पुढे केलं. त्यांनी बूट काढले, खिळे मोजल्यासारखे एकेक दाबून बघितले, मग डाव्या बुटात हात घातला. चुरगळलेला पुठ्ठा बाहेर आला.

"ह्ये काय? हितली पट्टी कुठं गेली? मीच कापून दिली व्हती. मोटंचं कातडं व्हतं त्ये."

खोटं बोलायला माझ्याकडे चपलावाल्यांचं नाव तयार होतं. पण त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं टिकणार नाही हे मला दिसत होतं.

"मी काढून टाकायला लावली," मी म्हटलं. "मला वाटलं, शालन मला पाडायला बघते आहे."

तेवढ्यात शालन डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तिने ते ऐकलं होतं. भारा खाली टाकून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आन् आता?" तिच्या आईने विचारलं. "आता भरवसा हाय?"

"आहे."

"कशावरनं?"

मी शालनकडे बघितलं. गोठ्यात एक म्हैस साखळी ओढत होती. शालन मला मदत करेल असं वाटलं होतं, पण तीही उत्तराची वाट बघत होती.

तिची आई उठून गोठ्यात गेली. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून पाणी उपसायची जुनी कातडी मोट तिथे खुंटीला टांगून ठेवलेली होती. तिचा एक जाड तुकडा घेऊन ती आली आणि तो माझ्यापुढे जमिनीवर टाकला.

"चप्पल काढ. डावा पाय ठेव ह्याच्यावर."

मी ठेवला. कातडं दगडासारखं गार होतं.

"आये, कोळसा आनू का? आदी खूण करून घे," शालन म्हणाली.

"कोळसा कशाला? हिनं पाय हलवला न्हाई मंजे झालं."

शालनच्या आईने माझा घोटा एका हाताने धरला, दुसऱ्या हातात तो कडबा तोडायचा विळा घेतला आणि टाचेच्या कडेने कातडं कापायला सुरुवात केली. विळ्याचं टोक माझ्या कातडीपासून बोटभर अंतरावरून हळूहळू पुढे येत होतं. मध्येच ते अडकलं, तिने जोर लावला आणि ते सरकन पुढे आलं.

मी पाय हलवला नाही.